न दिसणाऱ्या डिस्कचा शोध

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतपर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतली ती पत्रे त्यापूर्वीही अस्तित्वात होतीच. फक्त ती कुठे आहेत आणि त्यांत काय आहे, याची नोंद अभ्यासकांपाशी नव्हती. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच कामासाठी. 'कागद नाहीत' आणि 'कागद दिसत नाहीत' ही दोन वेगळी विधाने आहेत, हा मराठी इतिहाससंशोधनाचा पहिला धडा म्हणता येईल.

हा धडा आज तळहाताएवढ्या एका काळ्या डबीपुढे पुन्हा गिरवावा लागतो. संगणकाला बाहेरून हार्ड डिस्क जोडावी, तिचा दिवा लागावा, आणि पडद्यावर मात्र काहीच उमटू नये, हा अनुभव आता लेखक, संपादक, ग्रंथपाल अशा अनेकांना येतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर असे का होते आणि त्याचा माग कसा काढायचा, हे मी येथे मांडणार आहे. विषय तांत्रिक असला तरी वाट दफ्तर चाळणाऱ्याच्या ओळखीची आहे.

विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे गाव. पानिपतावर लढलेल्या या सरदाराच्या गावात जुन्या घरांतून मोडी कागद निघाले तर नवल नाही. इनामाच्या नकला, देणेघेण्याच्या याद्या, लग्नखर्चाचे तपशील असे काहीबाही निघते. हे कागद पाहण्याच्या निमित्ताने मी अनेक घरांत जातो. अलीकडे मूळ कागदांऐवजी "सगळे स्कॅन करून ठेवलंय" असे उत्तर मिळते. माळ्यावरचा रुमाल जाऊन त्याच्या जागी डिस्क आली आहे. मूळ कागद वाळवीने किंवा घर पाडताना गेले असतील, तर त्या घराचा इतिहास तेवढ्या डिस्कवरच उरतो.

यात लिनक्स कुठून आले? विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे कितीतरी चांगले संगणक घराघरांत आहेत, आणि त्यांना कामात ठेवण्याचा फुकट व कायदेशीर मार्ग म्हणजे लिनक्स. संगणक नवा जन्म घेतो. पण डिस्क मात्र जुन्या घरातून, जुन्या सवयींसह आलेली असते. अडचण बहुधा या सांध्यावर येते.

आवकेची साखळी

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमध्ये त्या कामातील एक प्रमुख अभियंता होते. वस्तू खोचली की चालली पाहिजे, मधले काही वापरणाऱ्याला करावे लागू नये, ही त्यामागची कल्पना. ती इतकी यशस्वी झाली की मधे काही घडते हेच आपण विसरलो. त्यामुळे साखळी कुठे तुटली, ते समजत नाही.

आमच्याकडे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांद्याची ट्रॉली आवारात आली म्हणजे पैसे हातात पडले असे होत नाही. फाटकावर नोंद होते, लिलावात बोली लागते, काट्यावर वजन होते, मग हिशोबपट्टी बनते. पट्टी मिळाली नाही तर शेतकरी "माझा कांदाच नाहीसा झाला" असे म्हणत नाही; ट्रॉली कुठल्या टप्प्यावर अडली, ते विचारतो. डिस्कचेही तसेच आहे. तिचे टप्पे असे: वीज मिळणे, यूएसबी उपकरण म्हणून ओळख पटणे, डिस्क म्हणून नोंद होणे, तिच्यावरील विभाग वाचले जाणे, विभागातली फाइल सिस्टीम कळणे, ती माउंट होणे, आणि शेवटी पडद्यावर चिन्ह दिसणे. आपल्याला फक्त शेवटचा टप्पा दिसतो. शोध मात्र पहिल्यापासून घ्यायचा.

वीज आणि केबल

दिवा लागला म्हणजे डिस्क चालू झाली असे नाही. दिव्याला नाममात्र वीज पुरते. आतली तबकडी फिरू लागताना सर्वात जास्त लागते. यूएसबी २ च्या खाचेतून ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर मिळतात. जुन्या संगणकाच्या पुढच्या बाजूच्या खाचा किंवा स्वतंत्र वीज नसलेला हब येथे कमी पडतो. म्हणून डिस्क कानाशी धरावी. फिरण्याची अखंड गुणगुण असेल तर पुढे जावे. गुणगुण सुरू होऊन पुन्हापुन्हा थांबत असेल, तर केबल बदलावी आणि संगणकाच्या मागच्या खाचेत थेट जोडावी. पेनड्राइव्ह किंवा मोबाइलच्या बाबतीत आणखी एक फसवणूक असते: काही केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही.

'टक्... टक्' असा नियमित आवाज येत असेल तर तेथेच थांबावे. तो यांत्रिक बिघाडाचा इशारा असतो. अशी डिस्क पुन्हापुन्हा लावून पाहिल्याने उरलेसुरलेही जाऊ शकते.

गाभ्याची रोजनिशी

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतो. ती टर्मिनलमध्ये वाचता येते. पुढील आज्ञांची नावे मी अक्षरशः देवनागरीत देतो. लिहिताना ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, जोडून लिहावीत. पहिली आज्ञा एलएसयूएसबी. ती जोडलेल्या सर्व यूएसबी वस्तूंची यादी देते. डिस्क लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यावर एकदा चालवावी. एक ओळ वाढली तर फाटकावर नोंद झाली. त्या ओळीतले नाव अनेकदा डिस्कच्या कंपनीचे नसून डबीतल्या जोड-चिपचे असते, त्याने गोंधळू नये.

दुसरी आज्ञा डीएमईएसजी. बहुतेक ठिकाणी तिच्याआधी एसयूडीओ लिहून पासवर्ड द्यावा लागतो. डिस्क लावल्यावर लगेच चालवली की शेवटच्या पाच-दहा ओळींत तिची हकिकत सापडते. त्यात 'एरर' शब्दापुढे उणे ७१ किंवा उणे ११० हे आकडे दिसले, तर पहिल्याचा अर्थ संवादात घोटाळा आणि दुसऱ्याचा अर्थ उत्तराची वाट पाहून वेळ संपली, असा आहे. दोन्हींचे मूळ बहुधा केबल, खाच किंवा वीज यांत असते. 'आय-ओ एरर' वारंवार येत असेल तर मात्र डिस्कच्या प्रकृतीची शंका घ्यावी. लिनक्सचे अद्यतन करून संगणक पुन्हा सुरू केला नसेल, तर तो आधी बंद करून सुरू करावा. चालू गाभा आणि साठ्यातले चालक यांची जोडी तुटल्याने काही लिनक्सवर डिस्क ओळखलीच जात नाही.

डिस्क, विभाग, लिपी

तिसरी आज्ञा एलएसबीएलके. तिच्यापुढे जागा सोडून वजाचे चिन्ह आणि एफ हे अक्षर लिहावे. मला ही सर्वात उपयोगी वाटते. संगणकातली डिस्क बहुधा एसडीए किंवा एनव्हीएमई अशा नावाने दिसते आणि बाहेरची एसडीबी किंवा एसडीसी म्हणून. तिच्याखाली एसडीबी१ अशी ओळ असेल तर विभाग वाचला गेला. त्यापुढे फाइल सिस्टीमचे नाव असेल तर तीही ओळखली गेली. सर्वात उजवीकडे माउंटची जागा असते. ती रिकामी असेल तर सारे सापडले आहे, फक्त जोडले गेलेले नाही.

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कची लिपी. अक्षरे समोर असूनही मोडी न येणाऱ्याला जसे वाचता येत नाही, तसेच येथे होते. विंडोजच्या डिस्का बहुधा एनटीएफएसमध्ये, मोठे पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डे एक्सफॅटमध्ये, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये असतात. एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला. त्याचा चांगला चालक लिनक्सच्या गाभ्यात मे २०२० च्या ५.७ आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या लिनक्सवर एक्सफॅट कार्ड दिसत नसेल, तर कार्ड निर्दोष असते, वाचक जुना असतो. फाइल सिस्टीमच्या जागी 'बिटलॉकर' दिसले तर विभाग कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली मूळ मालकाकडेच मिळेल.

याच्या उलट प्रसंग अधिक घातक आहे. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला लावली, की विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते विचारते: वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? प्रश्न नम्र असतो, पण 'हो' म्हणताच डिस्कवरची अनुक्रमणिका पुसली जाते. मजकूर पुष्कळदा मागे उरतो, परंतु फाइलींची नावे आणि क्रम हरवतात. कुठला कागद कुठल्या वर्षाचा, हे क्रमावरूनच ठरवायचे असेल तर हे नुकसान लहान नाही.

माउंट आणि चिन्ह

लिनक्समध्ये डिस्क सापडणे आणि वापरात येणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. दुसरीला माउंट म्हणतात: डिस्कवरचा पसारा संगणकाच्या फोल्डरांच्या झाडाला एका फांदीवर बांधणे. हे सहसा आपोआप होते. न झाल्यास 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम उघडावा, डावीकडून बाहेरची डिस्क निवडावी आणि विभागाच्या चित्राखालचे छोटे त्रिकोणी बटण दाबावे. त्याच ओळीतल्या दातेरी चाकाच्या यादीत फॉरमॅटही असते. तिकडे जाऊ नये. माउंट अयशस्वी झाले तर जो संदेश येतो, तो शब्दशः उतरवून घ्यावा.

कधीकधी सगळे यथास्थित असते आणि फक्त चिन्ह नसते. ग्नोम या लोकप्रिय पटलाने मार्च २०१८ मधल्या ३.२८ आवृत्तीपासून डेस्कटॉपवरील चिन्हे दाखवणे सोडले. विंडोजच्या सवयीने मोकळ्या पडद्याकडे पाहणाऱ्याला वाटते, डिस्क आलीच नाही. फाइल्सची खिडकी उघडली की डाव्या पट्टीत ती मुकाट्याने बसलेली असते.

एका घरची डिस्क

विंचूरमधल्या एका कुटुंबाचे मोडी कागद पावसात भिजून गेले होते. त्यापूर्वी घरातल्या भाच्याने त्यांच्या प्रतिमा काढून एका डिस्कवर ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. घरच्या संगणकावर लिनक्स आले आणि डिस्क दिसेना. एका दुकानात "डिस्क गेली, फॉरमॅट मारून देतो, निदान वापरता तरी येईल" असा सल्ला मिळाला. घरातल्या आजींनी डिस्क परत आणायला लावली, हे उत्तम झाले. त्या म्हणाल्या, "कागद तर गेलेच, आता डबीही पुसू नका."

मी वरच्याच क्रमाने गेलो. गुणगुण अखंड होती. एलएसयूएसबीत ओळ वाढली. एलएसबीएलकेत एसडीबी१ होते, पुढे एनटीएफएस होते, माउंटची जागा रिकामी होती. म्हणजे सातांपैकी पाच टप्पे पार पडले होते. डीएमईएसजीने उरलेले सांगितले: विभाग 'डर्टी' आहे, म्हणून जोडत नाही. लिनक्सच्या गाभ्यात २०२१ पासून एनटीएफएस३ नावाचा चालक आहे. शेवटच्या वापरात डिस्क नीट बंद न होता उपसली गेली असेल, तर विंडोज तिच्यावर अपुऱ्या कामाची खूण ठेवते, आणि ती खूण दिसताच हा चालक हात लावायचे नाकारतो. जबरदस्तीने जोडण्याची सोय आहे, पण एकमेव प्रतीवर ती वापरू नये. आम्ही डिस्क लिखाणाला हात न लावता फक्त वाचण्यापुरती जोडली, सर्व प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या, आणि मगच मूळ डिस्क एका विंडोज संगणकावर नेऊन 'चेकडिस्क' चालवली. खूण गेली. त्यानंतर ती लिनक्सवर लावताच दिसली.

येथे दुरुस्तीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रत, मग दुरुस्ती. डिस्क वाचताना चुका येत असतील तर फाइली एकेक न उचलता 'डीडीरेस्क्यू' या मुक्त साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिकृती घ्यावी. ते सुलभ भाग आधी उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते. विभागच हरवला असेल तर 'टेस्टडिस्क' तो शोधते, पण तेही प्रतिकृतीवर चालवावे. टक्टक् करणाऱ्या डिस्कला यांपैकी काहीच लावू नये. ती जाणकार प्रयोगशाळेचे काम आहे.

काही साध्या सवयी पुढचा त्रास वाचवतात. डिस्क काढण्यापूर्वी 'इजेक्ट' करावे आणि संदेश येईपर्यंत थांबावे. माहिती काही वेळ स्मृतीत असते, डिस्कवर उतरलेली नसते. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे फिरणाऱ्या नव्या डिस्कसाठी एक्सफॅट सोयीची, फक्त लिनक्सवर राहणारीसाठी ईएक्सटी४. डबीवर चिकटपट्टी लावून फाइल सिस्टीमचे नाव आणि शेवटच्या प्रतीची तारीख लिहावी. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आणि फाइलींची यादी कागदावर छापून डिस्कबरोबर बांधून ठेवावी; डिस्क न दिसण्याच्या दिवशी तिच्यावर काय आहे, ते निदान ती यादी सांगेल.