पाच टक्क्यांची पाटी आणि प्रवासाचा हिशेब

विमानतळावर, मॉलच्या दारात किंवा फोनवर क्रेडिट कार्ड विकणारा माणूस सतत प्रवास करणाऱ्याला एकच आकडा ऐकवतो: प्रवासखर्चावर ५ टक्के कॅशबॅक. कामासाठी पुणे-मुंबई खेपा, गणपतीत कोकण, दिवाळीत विमानानं दिल्ली किंवा बंगळूरला मुलाकडे, अशी ज्यांची वर्षभर फिरती असते त्यांना हा आकडा सहज भुरळ घालतो. आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या खर्चाला लागतो, किती रकमेपर्यंत लागतो आणि कुठे अजिबात लागत नाही, हे अटींच्या कागदावर असतं. तो कागद फार थोडे लोक वाचतात, म्हणून गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज: प्रवासात केलेला प्रत्येक खर्च बँकेच्या लेखी 'प्रवास' असतो

तुम्ही कुठे निघालात हे बँकेला कळत नाही. पैसे कोणाला गेले एवढंच तिला दिसतं, तेही एका चार आकडी क्रमांकातून. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याच्या प्रकारानुसार 'मर्चंट कॅटेगरी कोड' मिळालेला असतो. हॉटेल-लॉजचा ७०११, ट्रॅव्हल एजन्सीचा ४७२२, प्रवासी रेल्वेचा ४११२, पेट्रोलपंपाचा ५५४१. मोठ्या विमान कंपन्यांना तर आपापले स्वतंत्र क्रमांक आहेत. हा क्रमांक व्यापाऱ्याची बँक ठरवते, आणि तुमचं कार्ड देणारी बँक तो वाचून कॅशबॅक देते किंवा नाकारते.

त्यामुळे एकच विमान तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावर काढलं तर एका खात्यात पडतं आणि बुकिंगच्या ॲपवर काढलं तर दुसऱ्या. काही कार्डं थेट विमान कंपनीकडे केलेल्या खर्चालाच वाढीव दर देतात. काहींचं उलट असतं, बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवरून काढलेल्या तिकिटालाच तो दर मिळतो. अशा वेळी आधी भाव ताडून पाहावा. कंपनीकडे ६,००० रुपयांना असलेलं तिकीट पोर्टलवर ६,३०० ला असेल, तर ५ टक्के तिथेच संपले.

कोकणातला खर्च याहून वेगळा. तारकर्लीत किंवा गुहागरला घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांकडे स्वाइप मशीन क्वचितच असतं, भिंतीवर क्यूआर कोड असतो. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड त्या कोडवर चालत नाही. यूपीआयला जोडता येतं ते रुपे क्रेडिट कार्ड, आणि तेही कोड व्यापाऱ्याचा असेल तरच. मालकाच्या वैयक्तिक खात्याचा कोड असेल तर कार्डातून पैसे जाणार नाहीत. शिवाय काही रुपे कार्डांवर यूपीआयनं केलेल्या खर्चाला कमी कॅशबॅक मिळतो किंवा मिळतच नाही. ज्यांचा मुक्काम बहुतेक अशा घरांमध्ये असतो, त्यांनी 'हॉटेल खर्चावर वाढीव दर' या ओळीला फार भाव देऊ नये.

गैरसमज: ज्या कार्डाचा टक्का मोठा, ते कार्ड चांगलं

मोठ्या टक्क्याला बहुतेक वेळा मासिक मर्यादा असते. समजा, एक कार्ड प्रवासावर ५ टक्के देतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १,००० रुपये. म्हणजे ते २०,००० रुपयांच्या खर्चापर्यंतच ५ टक्क्यांचं कार्ड आहे. दिवाळीत चार माणसांची जाण्या-येण्याची तिकिटं ८०,००० रुपयांना पडली, तर मिळाले १,०००, म्हणजे सव्वा टक्का. शेजारचं साधं कार्ड कुठल्याही मर्यादेविना सरसकट दीड टक्का देत असेल, तर त्यानं १,२०० दिले असते. प्रवासाचा खर्च महिन्यागणिक सारखा नसतो, तो सुट्ट्यांच्या तोंडावर एकदम येतो. त्यामुळे ही मर्यादा प्रवास करणाऱ्यालाच सगळ्यांत जास्त लागते. मला विचाराल तर कार्ड निवडताना टक्क्याआधी मर्यादा वाचावी.

कॅशबॅक कोणत्या रूपात मिळतो तेही पाहावं. काही कार्डांवर तो आपोआप बिलातून वजा होतो. काहींवर आधी गुण जमा होतात, ते आपणहून वळते करून घ्यावे लागतात आणि त्यासाठी शुल्कही पडतं. तिकीट रद्द झालं तर त्यावर मिळालेला कॅशबॅक बँक परत काढून घेते. बेत वारंवार बदलणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा.

गैरसमज: रेल्वे आणि पेट्रोलवर कार्ड वापरलं की फायदाच

रेल्वेच्या बाबतीत हे अनेकदा चूक ठरतं. आयआरसीटीसीवर यूपीआयनं पैसे भरले तर सेवाशुल्क बिगरवातानुकूलित तिकिटाला १० रुपये आणि वातानुकूलित तिकिटाला २० रुपये. कार्डानं भरले तर तेच १५ आणि ३०, दोन्हीकडे जीएसटी वेगळा. क्रेडिट कार्डाला पेमेंट गेटवेचं शुल्क वरून लागतं. आता ६०० रुपयांच्या चेअर कारच्या तिकिटावर १ टक्का कॅशबॅक धरला, तर हाती येतात ६ रुपये. सेवाशुल्कातला फरकच जीएसटीसह ११ रुपये ८० पैसे. नेहमी रेल्वेनं जाणाऱ्यानं एक तर रेल्वेसोबत काढलेलं, गेटवे शुल्कात सूट देणारं कार्ड घ्यावं, नाही तर सरळ यूपीआय वापरावं.

पेट्रोलपंपावर कार्ड वापरल्यास साधारण १ टक्का अधिभार लागतो. 'फ्युएल सरचार्ज वेव्हर' म्हणजे फक्त हा अधिभार परत मिळणं. त्याला कॅशबॅक समजू नये. परतावाही ठरावीक रकमेच्या व्यवहारांनाच आणि महिन्याच्या मर्यादेतच मिळतो, आणि अधिभारावरचा जीएसटी बहुधा परत येत नाही. सर्वसाधारण कॅशबॅक कार्डांच्या वगळलेल्या खर्चांच्या यादीत इंधन बहुतेक असतंच. वॉलेटमध्ये पैसे भरणंही असतं. ज्यांचा निम्मा प्रवासखर्च डिझेलवर जातो, त्यांच्यासाठी इंधन कंपनीसोबतचं कार्ड हाच खरा पर्याय. इतर कार्डांच्या जाहिराती त्यांच्या कामाच्या नाहीत.

गैरसमज: परदेशातही कॅशबॅक मिळतो, म्हणजे तिथेही फायदा

इथे सर्वांत जास्त पैसा हातचा जातो. परकीय चलनातल्या खर्चावर बहुतेक भारतीय कार्डं ३.५ टक्क्यांच्या आसपास 'फॉरेक्स मार्कअप' लावतात, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के. जर्मनीत मुलीकडे गेल्यावर १ लाख रुपयांचा खर्च कार्डावर केला, तर ४,१३० रुपये जादा गेले. त्यावर १ टक्का कॅशबॅक मिळाला तरी ३,१३० रुपयांचा तोटा उरतोच. मार्कअप नसलेली किंवा २ टक्क्यांपर्यंत मार्कअप असलेली कार्डं बाजारात आहेत. वर्षातून एकदा जरी परदेशवारी होत असेल, तरी असं एक कार्ड जवळ असावं, मग त्यावर कॅशबॅक शून्य का असेना.

दुबईतल्या दुकानात मशीन विचारतं, दिरहम की रुपये? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून माणूस रुपये निवडतो. तेव्हा विनिमयाचा दर तिथला व्यापारी आणि त्याची बँक ठरवतात, आणि तो बहुधा महाग असतो. त्यावर आपली बँकही वेगळं शुल्क लावू शकते. परदेशात नोंदणी असलेल्या संकेतस्थळावर इथे घरी बसून रुपयांत हॉटेल बुक केलं, तरी हे शुल्क लागू शकतं. म्हणून परदेशात नेहमी तिथलंच चलन निवडावं. आणि क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख काढू नये: त्यावर शुल्क लागतं, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, कॅशबॅक तर नसतोच.

आणखी दोन गोष्टी. परदेशात कार्ड स्वाइप केलं की टीसीएस (उगमाशी गोळा केला जाणारा कर) कापला जातो, अशी भीती २०२३ मध्ये पसरली होती. मे महिन्यात नियम बदलला होता हे खरं, पण २८ जून २०२३ रोजी केंद्र सरकारनं तो लांबणीवर टाकला. परदेशात असताना क्रेडिट कार्डानं केलेला खर्च परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेत धरला जात नाही, म्हणून त्यावर टीसीएस लागत नाही. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे मात्र त्या योजनेत मोजले जातात. दुसरी गोष्ट, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतल्या वापरासाठी सुरू असतात. ऑनलाइन आणि परदेशातला वापर ॲपमधून आपणच सुरू करायचा असतो. परत आल्यावर परदेशातला वापर लगेच बंद करावा, कारण अनेक परदेशी संकेतस्थळं ओटीपी न मागताच पैसे घेतात.

गैरसमज: लाउंज फुकट

अनेक कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंजमध्ये प्रवेश मिळतो. तो मिळावा म्हणून जादा खर्च करण्यात अर्थ नाही.

गैरसमज: किमान रक्कम भरली की काम भागलं

'मिनिमम ड्यू' भरल्यानं विलंबशुल्क टळतं, व्याज टळत नाही. ४०,००० रुपयांच्या तिकिटांवर पूर्ण ५ टक्के मिळाले असं धरू, म्हणजे २,०००. महिन्याला ३.५ टक्के व्याज लागलं तर १,४००, वर जीएसटीचे २५२. दोन महिन्यांत कॅशबॅक संपून पदरचे पैसे जाऊ लागतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्यांनी कॅशबॅकसाठी कार्ड घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

वार्षिक शुल्काचं म्हणाल, तर 'आजीवन मोफत' हाच एक निकष पुरेसा नाही. ५०० रुपये शुल्काचे जीएसटीसह ५९० होतात. ते कार्ड मोफत कार्डापेक्षा १ टक्का जास्त देत असेल, तर त्याच्या दरात बसणारा ५९,००० रुपयांचा वार्षिक खर्च झाला की शुल्क वसूल. तुमचा असा खर्च आहे का, हे गेल्या बारा महिन्यांच्या बँक खात्याच्या आणि यूपीआयच्या नोंदींतून कळेल. रेल्वे, एसटी, पेट्रोल, विमान, मुक्काम, परदेश अशा बेरजा वेगळ्या काढा आणि सर्वांत मोठ्या बेरजेला चालणारं कार्ड शोधा. बँकेकडून 'सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती' हा कागद मागून घ्या आणि त्यातली वगळलेल्या खर्चांची यादी आधी वाचा.

घेतलेलं कार्ड पुढे सोयीचं वाटलं नाही, तर ते बंद करण्याचा हक्क आहे. थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद केलंच पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असं रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात.