विहिरीतल्या केबलचा जोड

नाशिक जिल्ह्यात एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी होते. छाटणीनंतर नवी फूट येते. वेलीला पाणी लागते. नेमके तेव्हाच विहिरीचे पाणी खाली जाते. मग निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी पाणबुडी मोटार आणखी खाली सोडतात. केबल अपुरी पडते. तिला तुकडा जोडावा लागतो. हा जोड पाण्यात जातो, म्हणून तो साध्या जोडासारखा करून चालत नाही.

मोटारीला तीन तारा असतात. त्यांत ४१५ व्होल्टची वीज असते. जोडात पाणी शिरले, की वीज पाण्यात उतरते. स्टार्टर पुन्हा पुन्हा पडतो. मोटार जळते. लोखंडी पाइपात वीज येऊन माणूसही दगावतो. म्हणून स्टार्टर वारंवार पडू लागला तर बटण दाबत बसू नका, आणि पाइपाला किंवा पाण्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. फ्यूज काढा आणि आपल्या खिशात ठेवा. नाहीतर आपण विहिरीवर, आणि घरचे कोणी येऊन मोटार चालू करायचे! मग वायरमनला बोलवा.

पुष्कळ लोक तारा पिळतात आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळतात. घरातल्या दिव्याला ती पुरते. पाण्यात तिचा डिंक सुटतो. दिव्याची वात तेल कशी वर ओढते? तारेतल्या बारीक काड्यांमधून पाणीही तसेच आत चढत जाते. वरून जोड कोरडा दिसतो, आत ओल पोचलेली असते.

समुद्रातल्या तारांचीही हीच गत होती. १८५८ साली युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी तार टाकली. तिचे वेष्टन सदोष होते. त्यात जास्त दाबाची वीज सोडली. काही आठवड्यांतच तार मुकी झाली. पुढे १८६६ साली काम नीट जमले, आणि १८७० साली तशी तार आपल्या मुंबईपर्यंत आली.

चांगला जोड कसा करतात ते पाहा. तिन्ही तारा एकाच ठिकाणी तोडत नाहीत. एक वर, एक मध्ये, एक खाली, असे चार-चार बोटांचे अंतर ठेवतात. म्हणजे जोड एकमेकांना भिडत नाहीत. रंगाला रंग जुळवतात. दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते आणि पाणी कमी येते. तार तांब्याच्या नळीत घालून दाबतात. मग जुने वेष्टन पॉलिश कागदाने घासतात, कोरडे पुसतात, आणि त्यावर रबरी टेप ताणून गुंडाळतात. ही टेप स्वतःलाच चिकटून एकजीव होते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. टेप दोन्ही बाजूंना जुन्या वेष्टनावर चांगली पुढे गेली पाहिजे. प्रत्येक तार वेगळी बंद करायची, मग तिन्ही मिळून वरून पुन्हा गुंडाळायचे. इथे दहा मिनिटे वाचवू नयेत, असे आम्ही म्हणू.

जोड झाला, की लगेच विहिरीत सोडू नका. तो बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. केबलची टोके मात्र बाहेर कोरडी असावीत. काही तासांनी वायरमन मेगर लावून पाहतो. तारेतली वीज पाण्यात झिरपत असेल तर मेगर ते दाखवतो. बादलीत कळलेले बरे. विहिरीत कळले तर सगळा पाइप पुन्हा वर काढावा लागतो.

मोटार सोडताना किंवा ओढताना केबलला धरू नये. वजन दोराने किंवा पाइपाने पेलावे. केबल दर आठ-दहा फुटांवर पाइपाला बांधावी. जोडापाशी थोडी सैल ठेवावी. आपल्याकडच्या विहिरींचा काळा दगड धारदार असतो. त्यावर केबल घासली, की वेष्टन सोलते.

पावसाळ्यात पाणी वर येते, तेव्हा मोटारही वर घेतात. त्या वेळी जोड हाताशी येतो. वीज बंद करून तो नीट पाहा. टेपचे टोक सुटलेले दिसले, तर नवा जोड तेव्हाच करून घ्या.