खोलीखोलीतल्या गाण्याची वाटचाल

२०१२च्या फेब्रुवारीत ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक आला आणि त्याच वर्षी लॉजिटेकने घरभर गाणी पोचवणारी स्क्वीझबॉक्सची यंत्रं बंद केली. यंत्रं गेली, पण त्यांचा सर्व्हर ओपन सोर्स असल्याने जगला. आज तो लिरियन नावाने चालतो. हौशी मंडळींनी त्या सर्व्हरकडून गाणी घेऊन वाजवणारा स्क्वीझलाइट हा छोटासा प्रोग्रॅम पायवर चढवला आणि जुन्या स्पीकरांना नवं आयुष्य मिळालं.

पहिल्या पायला वायफाय नव्हतं आणि हेडफोन जॅकचा आवाज सुमार होता. पिनांवर बसणारे हायफायबेरीसारखे डॅक (डिजिटल संकेताचं ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे जोडबोर्ड) आले, तेव्हा कुठे कान तृप्त झाले.

मग स्वस्ताईची लाट आली. २०१५ साली ९ डॉलरच्या 'चिप' या बोर्डाची घोषणा झाली. वायफाय, साठवण, ऑडिओ जॅक, सगळं त्यात होतं. कागदावर तिला तोड नव्हती. पण २०१८मध्ये ती बनवणारी कंपनीच बंद पडली. इतर कित्येक स्वस्त बोर्डांना निर्मात्यांनी एकदा दिलेलं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, पुढे सुधारलंच नाही. उलट पहिल्यावहिल्या पायसाठीही नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. माझ्या मते बोर्ड निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: पाच वर्षांनी याला कोण सांभाळणार? किमतीतला फरक तसाही डॅक, कार्ड आणि अ‍ॅडॉप्टर घेता घेता विरून जातो.

खरी कसोटी मात्र वेळ जुळवण्याची. दोन बोर्डांच्या घड्याळांत दहा लाखांत २० इतका फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. स्वयंपाकघरातली तान बैठकीच्या खोलीत मागाहून ऐकू येते, दारात उभं राहिलं की दोन्ही आवाज एकमेकांवर आदळतात. स्नॅपकास्ट या प्रोग्रॅमने यावर सुरेख तोडगा काढला. सर्व्हर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळ नोंदवतो आणि प्रत्येक बोर्ड आपलं घड्याळ ताडून, किंचित भर-वजा करत तो वेळ पाळतो. यासाठी जलद प्रोसेसर लागत नाही, वायफाय स्थिर लागतं.

२०१७चा १० डॉलरचा, वायफाय असलेला पाय झीरो डब्ल्यू म्हणूनच मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०२१-२२च्या सेमीकंडक्टर टंचाईत नवे पाय मिळेनात, तेव्हा लोकांनी कपाटातले जुने बोर्ड बाहेर काढले आणि ते नीट चालले. कारण सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ प्रवाह सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिटचा असतो.

आज सुरुवात करणाऱ्याने नवा झीरो २ डब्ल्यू घेण्याआधी घरात एखादा पाय ३ पडून आहे का, ते पाहावं. असेल तर उरलेले पैसे डॅकवर खर्च करावेत.