छेद लहान, पण कोड कोणता? मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेचे बिल समजून घेताना

अमेरिकेत कंबरेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया आता अनेकदा पाठीवरील इंचभर छेदातून होते. रुग्ण लवकर चालू लागतो, व्रणही लहान राहतो. काही आठवड्यांनी विमा कंपनीचा हिशेब येतो, तेव्हा मात्र घरातील सुशिक्षित माणसेही गोंधळतात. त्यात २२६३०, २२८४०, २२८५३ असे पाच अंकी आकडे असतात. ‘कमीत कमी छेदाची शस्त्रक्रिया’ हे शब्द बहुधा कोठेच आढळत नाहीत. यात चूक नाही. छेदाची लांबी हा या कोडपद्धतीचा निकषच नाही.

हे आकडे ‘सीपीटी’ या संहितेतील आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ती १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि आजही तीच संस्था ती सांभाळते. शल्यविशारद शस्त्रक्रियेनंतर सविस्तर टिपण लिहितो. ते वाचून कोडर प्रत्येक कामाला कोड लावतो आणि त्यावरून डॉक्टरांचे शुल्क ठरते. मणका मानेचा, पाठीचा की कंबरेचा, सांधणी कोणत्या बाजूने व कोणत्या भागाची झाली आणि किती स्तरांवर झाली, एवढे प्रश्न येथे महत्त्वाचे असतात.

‘खुली’ म्हणजे काय?

२०१७ पासून सीपीटीमध्ये मणक्यांच्या शस्त्रक्रियांसाठी स्पष्ट व्याख्या आहेत. छेदातून मणका सतत प्रत्यक्ष दिसत असेल, तर ती ‘खुली’ शस्त्रक्रिया. मग ते पाहणे नुसत्या डोळ्यांनी असो, भिंगाने असो वा सूक्ष्मदर्शकाने. एंडोस्कोपमधून सतत पाहिले, तर ती ‘एंडोस्कोपिक’. मणका प्रत्यक्ष न पाहता केवळ क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनच्या प्रतिमांच्या आधारे काम केले, तर ती ‘पर्क्युटेनियस’. त्यामुळे दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली सांधणी रुग्णाच्या दृष्टीने लहान छेदाची असली, तरी संहितेच्या दृष्टीने ‘खुली’च ठरते.

एक उदाहरण

समजा, कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आहे आणि नस दबली आहे. शल्यविशारद नळीतून मागच्या बाजूने चकती काढतो आणि त्या जागी हाडाचे तुकडे भरलेला पिंजरा, म्हणजे ‘केज’, बसवतो. या सांधणीचा कोड २२६३०. त्याच स्तरावर मणक्यांच्या मागील-बाजूकडील हाडाचा पृष्ठभाग खरवडून तेथेही हाडाचे रोपण केले असेल, तर दोन्ही कामांचा मिळून कोड २२६३३ होतो. अशा वेळी २२६३० वेगळा लावता येत नाही. बाहेरून दोन्ही शस्त्रक्रिया सारख्याच दिसतात. फरक ठरतो तो टिपणातील एका वाक्याने. ते वाक्य नसेल, तर काम प्रत्यक्षात झाले असले तरी कोडरला ते गृहीत धरता येत नाही.

केजसाठी २२८५३ आणि एका स्तरावरील दोन मणक्यांना जोडणाऱ्या स्क्रू-सळ्यांसाठी २२८४० हे पूरक कोड लागतात. स्क्रू त्वचेतून क्ष-किरणांच्या मदतीने बसवले, तरी त्यांचा कोड बदलत नाही. नसेवरील दाब काढण्यासाठी २०२२ पासून ६३०५२ हा कोड आहे. परंतु चकतीची जागा तयार करण्यासाठी जेवढे हाड काढावेच लागते, त्याहून अधिक काम झाल्याचे टिपणात दिसले पाहिजे.

वाटही महत्त्वाची असते. कुशीकडून स्नायूंमधून चकतीपर्यंत पोहोचून केलेल्या सांधणीला २२५५८ हा ‘अँटीरियर’ गटातील कोड लागतो. नावातील साम्यामुळे कोणी २२५३३ लावतो. पण तो ‘लॅटरल एक्स्ट्राकॅव्हिटरी’ या वेगळ्या आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा कोड आहे. चकतीची सांधणी केवळ प्रतिमांच्या आधारे, प्रत्यक्ष न पाहता केली असेल, तर २२८९९ हा ‘अनिर्दिष्ट’ कोड वापरावा लागतो. त्याला ठरलेला दर नसतो आणि विमा कंपनी टिपण मागवून निर्णय घेते. उलट माकडहाडालगतच्या सॅक्रोइलियाक सांध्यासाठी २०१५ पासून असलेल्या २७२७९ या कोडच्या वर्णनात ‘मिनिमली इन्व्हेसिव्ह’ हे शब्दच आहेत.

रुग्णालयाचा हिशेब वेगळा

रुग्ण दाखल झाला असेल, तर रुग्णालय आपल्या बिलासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेली आयसीडी-१०-पीसीएस ही सात चिन्हांची पद्धत वापरते. तिचे पाचवे चिन्ह शस्त्रक्रियेची वाट सांगते: खुलीसाठी ०, पर्क्युटेनियससाठी ३, पर्क्युटेनियस एंडोस्कोपिकसाठी ४. एकाच शस्त्रक्रियेची दोन बिले दोन भाषांत बोलतात, ती अशी.

चूक कोणाला भोवते?

न केलेल्या कामाचा कोड मेडिकेअरकडे जाणूनबुजून पाठवला, तर ‘फॉल्स क्लेम्स’ कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि दंड होऊ शकतो. केलेल्या कामाची नोंद राहिली, तर डॉक्टरांचे शुल्क बुडते. पूर्वपरवानगी एका कोडची आणि बिल दुसऱ्याचे असले, तर दावा अडकून रुग्णाच्या दारी बिल येऊ शकते. अमेरिकी रुग्णालयांचे बरेच कोडिंग आज पुणे, चेन्नई, हैदराबाद येथील कार्यालयांत होते. तेथील कोडरला रुग्ण दिसत नाही, दिसते ते टिपणच.

म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांच्या कार्यालयाला नेमक्या कोणत्या कोडसाठी परवानगी घेतली आहे, हे लेखी विचारावे. नंतर तपशीलवार बिल आणि शस्त्रक्रियेचे टिपण मागावे; आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क हिपा कायद्याने रुग्णाला दिला आहे. दावा नाकारला गेल्यास बहुतेक खासगी योजनांत अंतर्गत अपिलासाठी १८० दिवस मिळतात आणि वैद्यकीय गरजेच्या वादात त्यानंतर बाहेरील तटस्थ फेरतपासणीही मागता येते. अपिलासोबत टिपणातील नेमके वाक्य जोडावे. निर्णय बहुधा त्यावरच अवलंबून असतो.