ट्रॉलीतलं ओझं नेमकं कुठे?

दिवाळीच्या सुमारास कापूस, पुढे ऊस आणि उन्हाळा लागला की हळद. औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारच्या रस्त्यांवर वर्षातले सहा-सात महिने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. एखादी ट्रॉली उलटली की ‘माल जास्त भरला होता’ एवढ्यावर चर्चा संपते. वजनाचा दोष असतोच. पण तेच वजन एक्सलच्या पुढे आहे की मागे आणि जमिनीपासून किती उंचावर, हे अनेकदा अधिक निर्णायक ठरतं.

दोन चाकी ट्रॉली घ्या. तिचं वागणं बैलगाडीसारखंच. ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर येतं. ट्रॅक्टरच्या बाबतीत हा भार हुकावर येतो. थोडा भार हवाच, कारण त्यामुळे ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवर दाबली जातात आणि चिखलात पकड मिळते. पण हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा, तो त्या चाकांच्या एक्सलपासून ८० सेंटीमीटर मागे आहे, पुढच्या-मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि हुकावर ३०० किलो भार आला. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार १२० किलोंनी कमी होतो. हुकावरचा भार दुप्पट झाला तर ही घटही दुप्पट. मग चढावर पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही.

ओझं ट्रॉलीच्या एक्सलच्या मागे गेलं तर उलटा धोका. वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे हेलकावू लागते आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होतो. युरोप-अमेरिकेत विंडसर्फिंग या जलक्रीडेच्या फळ्या आणि शिडं वाहणाऱ्या ट्रेलरवाल्यांनाही हीच काळजी असते. सामान हलकं, पण डोलकाठ्या चार-साडेचार मीटर लांब आणि कारचा वेग ताशी ८० किलोमीटर. म्हणून अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात. हेलकावे सुरू झालेच तर जोरात ब्रेक मारू नये, स्टिअरिंगला झटके देऊ नयेत. एक्सलरेटरवरचा पाय काढून वेग आपोआप उतरू द्यावा. आपल्याकडे पिकअपला ट्रॉली जोडणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

उंचीचा हिशोब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कापूस हलका म्हणून फळ्यांच्याही वर रचला जातो, उसाच्या मोळ्याही तशाच. ट्रॉलीच्या दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर आणि मालासकट ट्रॉलीचा गुरुत्वमध्य २ मीटर उंचीवर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट आडवा जोर तिला पाडायला पुरतो. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटरला हा जोर ०.१६ पट असतो. तीसला ०.३५. चाळीसला ०.६३, म्हणजे ट्रॉली उलटलीच. वेग दुप्पट, जोर चौपट. शिवाय हे गणित सपाट रस्त्याचं आहे. एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं की मर्यादा आणखी घटते.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचे काही टन त्याला ढकलत राहतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणं तिथे जिवावर बेतू शकतं. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावं.

शेतकरी आणि चालक बांधवांना विनंती आहे. जड पोती तळाशी आणि एक्सलच्या किंचित पुढे ठेवा, उंची आवरा, वळणावर वेग वीसच्या आत आणा. आणि रात्री निघण्यापूर्वी ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर लाल रिफ्लेक्टर लावा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात बंद उभी ट्रॉली दिसत नाही.