"तू तिथे कशाला गेली होतीस?"

लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या मोर्चात घरच्या बायकांनी जावे का? आणि जाऊन परतल्यावर घरात काय बदलायला हवे?

२१ जानेवारी २०१७, शनिवार. बंगळुरूतल्या आमच्या घरी मी चपला घालत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारले, "कुठं निघालीस?"

"मोर्चाला, आई."

मटार सोलता सोलता त्यांचा हात थांबला. "अगं, मोर्चाला पक्षाच्या बायका जातात. आपलं काय काम तिथं? गर्दीत उद्या काही झालं, तर लोक तुलाच विचारतील, तू तिथे कशाला गेली होतीस?"

मला उत्तर सुचले नाही. मी गेले खरी, पण वाटभर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्या दिवशीचा मोर्चा नेमका त्याच प्रश्नाविरुद्ध होता.

त्या रात्री काय घडले?

३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री नव्या वर्षाच्या स्वागतासाठी एम. जी. रोड आणि ब्रिगेड रोडवर नेहमीप्रमाणे प्रचंड गर्दी लोटली होती. बंदोबस्तही मोठा होता. तरीही त्या गर्दीत अनेक तरुणींची छेड काढली गेली, त्यांच्या अंगाला हात लावले गेले. महिला पोलिसाला बिलगून रडणाऱ्या मुलीचे छायाचित्र दोन दिवसांत देशभर पोहोचले.

पोलिसांनी आधी सांगितले, तक्रारच आलेली नाही. राज्याचे गृहमंत्री जी. परमेश्वर यांनी तरुणांच्या पाश्चात्त्य वागण्याकडे आणि पोशाखाकडे बोट दाखवले. असे प्रकार घडतात, असेही ते म्हणाले. टीका झाल्यावर पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला. पण आमच्या घरी विचारला गेला तोच प्रश्न मंत्र्यांनीही विचारला होता, फक्त शब्द वेगळे होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी देशातल्या अनेक शहरांत स्त्रिया एकाच दिवशी रस्त्यावर उतरल्या. मोहिमेचे नाव होते 'आय विल गो आऊट', म्हणजे मी बाहेर पडणारच. मला वाटले होते, कॉलेजच्या मुलीच असतील. त्या होत्याच. पण साडी नेसलेल्या, खांद्याला ऑफिसची पर्स लावलेल्या बायका होत्या, पुरुषही होते. माझ्या शेजारून चालणाऱ्या बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मुलगी रात्रपाळीला जाते. ती घरी येईपर्यंत मला झोप नाही. म्हणून आले."

ती कुठे गेली होती?

"तिथे कशाला गेलीस" या प्रश्नामागे एक समजूत असते. मुलगी नको त्या वेळी नको त्या ठिकाणी गेली, म्हणून असे झाले. ही समजूत खरी आहे का, एकदा तपासून पाहू या.

डिसेंबर २००५ मध्ये याच बंगळुरूत कॉल सेंटरमधल्या एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच ते कृत्य केले. ती कुठे निघाली होती? कामावर.

जुलै २०१४ मध्ये शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. ती कुठे गेली होती? शाळेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. ती कुठे होती? ड्युटीवर. त्याच महिन्यात बदलापूरच्या दोन चिमुकल्यांची बातमी आली. त्या कुठे होत्या? त्याही शाळेतच.

आणि १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज येथे, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ती कुठे होती? पोलिस ठाण्यात!

काम, शाळा, रुग्णालय, पोलिस ठाणे. यांतली कोणती जागा आपण मुलींना वर्ज्य करणार आहोत?

मोर्चाने काय होते?

"चार घोषणा दिल्या, मेणबत्त्या लावल्या, झालं," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी देसाईगंजची हकीकत पुढे वाचावी. मथुरा खटला म्हणून तो देशाला माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन्ही पोलिसांना दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हे त्यामागचे कारण.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पाठोपाठ ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्लीसह अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरला.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर कडाक्याच्या थंडीत तरुण मुले-मुली रस्त्यावर उतरली. सरकारला न्या. जे. एस. वर्मा समिती नेमावी लागली. समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायदा पुन्हा कडक झाला. पाठलाग करणे, चोरून पाहणे हे स्वतंत्र गुन्हे झाले.

बंगळुरूच्या त्या शाळेसाठी जुलै २०१४ मध्ये हजारो पालक चालत निघाले. त्यांत नोकरीतून रजा काढून आलेले वडीलही होते. काही दिवसांतच शहराचे पोलिस आयुक्त बदलले आणि शाळांसाठी सुरक्षेचे नियम जाहीर झाले. मोर्चाने गुन्हे थांबतात असे नाही. पण ज्यांनी ऐकायला हवे, त्यांना कान बंद करून बसता येत नाही.

सासूबाईंची गोष्ट

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. चहा पुढे ठेवून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बेळगावात मी कॉलेजला बसनं जायचे. एक माणूस रोज मागं उभा राहायचा. महिनाभर सोसलं, मग आईला सांगितलं. आईनं विचारलं, तू त्याच बसनं कशाला जातीस? दुसऱ्या दिवसापासनं माझं कॉलेज बंद. तो माणूस मात्र त्याच बसनं जात राहिला असंल."

चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. पोलिस म्हणतात, तक्रार आली नाही. ती येणार कशी? सांगणाऱ्या मुलीलाच शिक्षा होते, हे तिने घरातच पाहिलेले असते.

याच बंगळुरूत २००३ मध्ये जस्मीन पथेजा या कलाशिक्षणाच्या विद्यार्थिनीने 'ब्लँक नॉइज' हा उपक्रम सुरू केला. छेडछाड झाली तेव्हा अंगावर असलेले कपडे स्त्रियांकडून मागवून त्यांनी लोकांपुढे मांडले. त्या कपड्यांत सलवार-कमीज आहेत, शाळेचे गणवेशही आहेत. पोशाखाचा दोष काढणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर नको.

हे लक्षात असू द्या

मोर्चाला जायचे ठरवले, तर आयोजक कोण आहेत आणि पोलिसांची परवानगी आहे का, हे आधी पाहा. एकट्या जाऊ नका, शेजारणीला बरोबर घ्या. नवऱ्याला, दिराला, भावालाही बोलवा. हा काही बायकांपुरता प्रश्न नाही. पीडितेचे नाव किंवा फोटो फलकावर लावू नका, मोबाइलवरही पुढे पाठवू नका. तो गुन्हा आहे.

कायदाही माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. बलात्कारासारख्या गंभीर लैंगिक गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. बलात्कारपीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार केले पाहिजेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

पहिला प्रश्न बदला

गेल्या वर्षी माझी सोळा वर्षांची भाची क्लासहून रडत घरी आली. बसमध्ये एकाने तिच्या अंगाला हात लावला होता. मी काही बोलायच्या आतच सासूबाईंनी तिला जवळ घेतले आणि विचारले, "तुला लागलं नाही ना? कोण होता तो? कसा दिसत होता?"

मग त्यांनी स्वतः साडी बदलली, भाचीचा हात धरला आणि आम्ही तिघी पोलिस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी भाची त्याच वेळी, त्याच बसने क्लासला गेली. सोबतीला आजी होत्या.