दुचाकीच्या साखळीवरील चिवट किटण: ते काढताना काय करावे, काय टाळावे

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील स्वामीमलै हे गाव मुरुगनच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक म्हणून आणि मेण वितळवून घडविल्या जाणाऱ्या कांस्यमूर्तींसाठी देशभर परिचित आहे. या मूर्तिकलेचा आधार म्हणजे कावेरीच्या काठची अतिशय बारीक गाळाची माती. मेणाच्या प्रतिकृतीवर या मातीचा पहिला लेप चढवला, की मूर्तीच्या बोटावरील नखापर्यंतचा तपशील साच्यात उमटतो. ज्या बारीकपणामुळे ही माती मूर्तिकारांना हवीशी वाटते, त्याच बारीकपणामुळे ती दुचाकीच्या साखळीला मात्र घातक ठरते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. त्या दिवसांत शेतरस्त्यांवरचा चिखल चाकांसोबत उडून साखळीवर बसतो. सुगीच्या हंगामात धूळ, पेंढा आणि भाताचे तूस यांची त्यात भर पडते. तुसात सिलिका मोठ्या प्रमाणावर असते, आणि वाळूतील क्वार्ट्झही सिलिकाच होय. मोह्सच्या मापावर क्वार्ट्झची कठिणता ७ आहे, म्हणजे साध्या पोलादाहून अधिक. साखळीवरील तेलात हे कण मिसळले, की वंगणाचे काम संपते आणि त्याच तेलाची कानशीसारखी घासणारी लुकटी तयार होते. कोकणातील लाल धूळ असो वा मराठवाड्यातील काळी माती, यंत्राच्या दृष्टीने परिणाम एकच.

किटण काळे आणि चिवट का होते

साखळीसाठी तयार केलेल्या वंगणात चिकटपणा आणणारे बहुवारिक मिसळलेले असतात. साखळी वेगाने फिरताना तेल बाहेर फेकले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असतो. परंतु जे तेल पोलादाला धरून राहते, ते धुळीलाही धरून ठेवते. कालांतराने तेलाचे ऑक्सिडीकरण होते, झिजलेल्या धातूचा भुगा त्यात मिसळतो आणि काळा थर घट्ट होत जातो. स्वयंपाकघरातील तेलाच्या बरणीवर चढणारे किटण याच जातीचे असते, फक्त त्यात लोखंडाचा भुगा नसतो.

हा थर केवळ दिसायला वाईट असता, तर त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. आजच्या दुचाकींवरील साखळीची मूळ रचना हान्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे पेटंट केली. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश असतो, आणि खरी झीज या दोहोंच्या मध्ये होते. साखळी ‘ताणली’ किंवा ‘लांबली’ असे गॅरेजमध्ये म्हटले जाते, तेव्हा पोलाद रबरासारखे लांबलेले नसते. १२.७ मिलिमीटर अंतराच्या ११० कड्यांची साखळी घेतली आणि प्रत्येक सांधा केवळ ०.१ मिलिमीटर झिजला असे मानले, तरी एकूण लांबी ११ मिलिमीटरने वाढते. मग साखळी दातेरी चक्रावर नीट बसत नाही, चक्राचे दात वाकड्या आकड्यासारखे झिजतात आणि अखेरीस साखळी व दोन्ही चक्रे मिळून पूर्ण चेनसेट बदलावा लागतो. साखळी धावत्या गाडीवर तुटली किंवा उतरली, तर मागचे चाक जाम होण्याचा धोका असतो.

बोटे कशी जातात

साखळी साफ करताना सर्वांत गंभीर इजा होते ती एका जुन्या सवयीमुळे. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि आपोआप फिरणाऱ्या साखळीवर चिंधी धरायची, ही पद्धत अनेक ठिकाणी सर्रास वापरली जाते. वेळ वाचतो, हात कमी दुखतात, आणि साखळी तर ‘हळूच’ फिरत असते, असा त्यामागचा समज आहे.

हे ‘हळूच’ म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. साध्या १०० सीसी गाडीचे इंजिन रिकामे चालताना मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण ३५ फेऱ्यांना मागच्या चाकाचा एक फेरा धरला, तर चाक मिनिटाला ४० वेळा फिरते. मागच्या चक्राला ४४ दात असतील, तर साखळी सेकंदाला सुमारे ३७ सेंटिमीटर पुढे सरकते. चिंधी अडकल्याचे लक्षात येऊन हात मागे घेण्यास माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात साखळी ९ सेंटिमीटर गेलेली असते. चिंधी धरलेल्या बोटांपासून चक्राच्या दातांपर्यंतचे अंतर बहुधा याहून कमीच असते. चिंधीचा एखादा धागा कडीत अडकला, तर ती बोटांसह ओढली जाते, आणि साखळी व दात यांच्या चिमट्यात सापडलेले पेर क्वचितच वाचते. इंजिनाला बोट आणि पेंढा यांतला फरक कळत नाही.

म्हणून इंजिन बंद, किल्ली काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचे, याला पर्याय नाही. चाक हाताने फिरवतानाही ब्रश किंवा चिंधी साखळीच्या खालच्या पदरावर, चक्रापासून दूर धरावी. चाक थांबवावे, तेवढा भाग घासावा, मग पुढे सरकवावे. सैल बाह्या, ओढणी, पदर, हातातील दोरा यांचीही काळजी घ्यावी. लहान मुलांना ‘जरा चाक फिरव’ म्हणून मदतीला बसवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

रॉकेल, पेट्रोल की साबण

तेलकट थर पाण्याने निघत नाही, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. ते तेलासारख्याच द्रवात विरघळते. त्यामुळे रॉकेल हा जुना उपाय शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. ते तेलाला सैल करते आणि सावकाश उडते, त्यामुळे काम करायला वेळ मिळतो. मात्र शिधापत्रिकेवर मिळणारे निळे रॉकेल स्वयंपाक आणि दिवाबत्तीसाठी असते आणि अन्य कामासाठी ते वापरण्यास १९९३ च्या आदेशाने मनाई आहे. खुल्या बाजारातील पांढरे रॉकेल किंवा साखळीसाठी मिळणारे खास द्रावण वापरावे.

पेट्रोल वापरू नये. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. याचा अर्थ असा, की सामान्य तापमानाला उघड्या भांड्यातील पेट्रोल सतत पेटण्याच्या तयारीत असते. दुकानासमोर किंवा अंगणात, जवळच कोणी बिडी ओढत असताना अथवा वेल्डिंग चालू असताना हा धोका कित्येक पटींनी वाढतो. तंजावरच्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातोच, तेव्हा रॉकेललाही पूर्ण निर्धोक समजू नये आणि काम सावलीत, मोकळ्या हवेत करावे.

साखळी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहणे आवश्यक आहे. रोजच्या वापराच्या अनेक गाड्यांची साखळी पूर्ण आवरणात, म्हणजे चेनकव्हरमध्ये असते. तेथे किटण कमी साचते, पण साचलेले दिसतही नाही. मोठ्या गाड्यांवर उघडी साखळी असते आणि तिच्या सांध्यांत बारीक रबरी कड्या बसवलेल्या असतात. आतले ग्रीस कारखान्यातच भरून या कड्यांनी कोंडलेले असते. कडी फाटली, की ते ग्रीस जाते आणि पुन्हा भरता येत नाही. अशा साखळीवर तारेचा ब्रश, पेट्रोल, थिनर आणि उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा चारही वर्ज्य होत. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन या द्रव्यावर आधारित द्रावणे तेल उत्तम काढतात आणि नागपूरकरांना त्यांचा वासही ओळखीचा वाटेल. पण तीही रबरावर फार वेळ राहू देऊ नयेत.

पूर्वी बुलेटसारख्या गाड्यांची साखळी उतरवून रॉकेलमध्ये बुडवत आणि मग वितळवलेल्या ग्रीसमध्ये सोडत. स्वामीमलैच्या मूर्तिशाळेत साचा तापवून मेण बाहेर काढतात, तसाच उष्णतेचा हा उलट उपयोग. रबरी कड्या नसलेल्या साखळीला तो मानवत असे. आजच्या कोंडलेल्या साखळीवर तो प्रयोग करू नये.

प्रत्यक्ष काम

आधी सुक्या ब्रशने माती झाडावी. ओल्या तेलात माती कालवून ती आत ढकलू नये. टायर आणि मागे डिस्क ब्रेक असल्यास त्याची चकती जुन्या कापडाने झाकावी. चकतीवर तेलाचा किंवा द्रावणाचा फवारा उडाला, तर ब्रेक निसटतो. नंतर रॉकेलमध्ये बुडवलेल्या नायलॉनच्या ब्रशने वरची, खालची आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घासाव्यात. दात घासायचा जुना ब्रशही चालतो. थर फार जुना असेल, तर द्रावण लावून पाचदहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा घासावे. खरवडण्यासाठी स्क्रूड्रायव्हर वापरू नये. बांबूची काडी पुरते.

सर्वाधिक किटण असते ते पुढच्या चक्राच्या झाकणाआड. मागचे चक्र चकचकीत करणारे कित्येक चालक हे झाकण वर्षानुवर्षे उघडतच नाहीत. दोनतीन बोल्ट काढले, की आत मुठीएवढा काळा गोळा सापडणे नवलाचे नाही. साफ केलेली साखळी या गोळ्याला घासत फिरली, तर दोन दिवसांत पुन्हा मळते. तो काडीने काढावा, उरलेले रॉकेलने पुसावे. चाकाच्या रिमवर उडालेले डाग रॉकेलच्या चिंधीने निघतात, मग साबणाच्या पाण्याने रिम धुवावी. टायरला रॉकेल लागू देऊ नये.

साखळी कोरड्या कापडाने पुसून पूर्ण सुकू द्यावी. ओलसर साखळीवर वंगण टाकले, तर उरलेले रॉकेल ते पातळ करते. वंगण साखळीच्या आतल्या, चक्राकडील बाजूला थोडे थोडे द्यावे; फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूस सरकते. रात्रभर ठेवून सकाळी वरचे जादा तेल पुसून टाकावे. बहुतेक किटणाचा जन्म या न पुसलेल्या जादा तेलातूनच होतो. वंगण देण्याचे अंतर आणि साखळीचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेनुसार ठेवावा. पावसात भिजलेल्या गाडीला मात्र किलोमीटरची वाट पाहू नये.

उरलेले काळे रॉकेल गटारात किंवा कालव्यात ओतले जाते, हेही सर्रास घडते. ते झाकणाच्या बाटलीत काही दिवस स्थिर ठेवले, तर गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ रॉकेल पुढच्या वेळी वापरता येते. वापरलेल्या तेलाचा समावेश २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात होतो. त्यामुळे खालचा गाळ, जुने इंजिन ऑइल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावा. तेलकट चिंध्या चूल, शेगडी वा देवघरातील दिव्यापासून दूर, उघड्यावर वाळवाव्यात.